उभ्या गाडीचं तेल जातं कुठे? लालबागमधल्या एका बुलेटच्या तेलगळतीचा तपास

गाडी १९९९ची बुलेट ३५०. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, चार गिअर, गिअरचा पाय उजवीकडे आणि ब्रेकचा डावीकडे. ती लालबागमधल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये असते. मालकाच्या आधी तक्रार सोसायटीने केली होती. पेव्हर ब्लॉकवरचा काळा डाग वाढत चालला होता आणि पावसात तो पाण्याबरोबर शेजारच्या स्कूटरखाली सरकत होता. मालकाचं म्हणणं असं, की गाडीखाली दोन-तीन ठिकाणी थेंब पडतात, इंजिनची उजवी बाजू कायम तेलकट असते, मागच्या टायरच्या डाव्या अंगाला शिंतोडे उडतात आणि दर रविवारी दोनशे-अडीचशे मिली ऑइल घालावं लागतं.

याआधी दोन ठिकाणी काम झालं होतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या उजव्या बाजूच्या लहान झाकणाचं, पॅकिंग दोनदा बदललेलं, दुसऱ्या वेळी वर सिलिकॉन थापलेलं. चेनकेसच्या रबरालाही सिलिकॉन. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून, तेल ठिबकतं म्हणून ब्रीदरचा पाइप बदललेला. तरीही गळती थांबेना, तेव्हा हेड उतरवून हेड पॅकिंग टाकायचा सल्ला मिळाला होता. त्या टप्प्यावर गाडी तपासणीला आली.

तक्रारीत न सांगितलेली एक गोष्ट विचारल्यावर कळली. मालक सोमवार ते शनिवार करी रोडहून लोकल पकडतात. बुलेट निघते ती फक्त रविवारी, आणि ऑइल तपासलं जातं तेही रविवारी सकाळीच, सहा दिवस उभ्या असलेल्या थंड इंजिनात. तपासाची निम्मी दिशा या एका उत्तराने ठरली.

तीन भांडी, तीन तेलं

या जुन्या बुलेटमध्ये ‘तेल गळतंय’ म्हणजे नेमकं कुठलं, हे आधी ठरवावं लागतं. इंजिनचं ऑइल वेगळं. ते क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या इंजिनच्या खालच्या कवचाच्या, ओतकामातच असलेल्या टाकीत राहतं आणि कोरड्या इंजिनाला साधारण सव्वादोन लिटर लागतं. डावीकडच्या चेनकेसमध्ये प्रायमरी चेन, क्लच आणि अल्टरनेटर असतात. तिचं तेल स्वतंत्र, सुमारे ४२० मिली, लेव्हल स्क्रूच्या भोकापर्यंत. गिअरबॉक्स तिसरा, त्यात पातळ ग्रीस. तिन्ही ठिकाणची गळती शेवटी गाडीखाली एकाच जागी जमा होते, कारण चालत्या गाडीवर वारा तेलाला मागे ढकलतो आणि बाकीचं काम उतार करतो. जिथे थेंब लोंबतो तिथला बोल्ट आवळायची सवय इथेच फसते.

या गाडीत आणखी एक अडचण होती. चेनकेसमध्येही इंजिनचंच २०डब्ल्यू-५० ऑइल घातलं होतं, त्यामुळे जमिनीवरचा थेंब कुठल्या भांड्यातला ते रंगावरून कळायला मार्ग नव्हता. म्हणून चेनकेस रिकामी केली. निघालेलं तेल दुधी, चहात साय विरघळावी तसं. पावसाळ्यात परळ-हिंदमाता भागात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की चेनकेसमध्ये पाणी शिरतं. क्लच घसरेपर्यंत कोणी ते उघडून बघत नाही. आत थोडं डिझेल फिरवून केस धुतली, निथळू दिली आणि लेव्हल स्क्रूपर्यंत एटीएफ भरलं, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. हे लालभडक असतं आणि या क्लचला चालतं. आता गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर लाल थेंब पडला तर चेनकेस, काळा पडला तर इंजिन आणि राखाडी चिकट ठिपका दिसला तर गिअरबॉक्स.

ही युक्ती फक्त या जुन्या इंजिनासाठी. नंतर आलेल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात. तिथे एटीएफ घालायचं नाही.

आधी मोजमाप, मग पाना

गाडी मुद्दाम सहा दिवस उभी ठेवली, सपाट जमिनीवर, मधल्या स्टँडवर. डिपस्टिक पाहिली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. मालक दर रविवारी हेच पाहायचे आणि वरून ऑइल ओतायचे.

मग क्रँककेसच्या तळाचा संपचा, म्हणजे क्रँकखालच्या खळग्याचा, ड्रेन बोल्ट उघडला. तळाशी टाकीचा बोल्ट वेगळा आणि संपचा वेगळा. चुकून टाकीचा उघडला तर दोन लिटर तेल एकदम खाली येतं, म्हणून तसराळं मोठंच ठेवावं. संपमधून सुमारे ७०० मिली तेल निघालं. हे इंजिन ‘ड्राय संप’ पद्धतीचं आहे. चालू असताना क्रँकखाली जमणारं तेल रिटर्न पंप सतत उचलून टाकीत नेतो, त्यामुळे नुकत्याच बंद केलेल्या इंजिनात तिथे थोडंसंच तेल असायला हवं. सातशे मिली याचा अर्थ तेल गाडीबाहेर गेलेलंच नव्हतं. ते टाकीतून उतरून क्रँकखाली जाऊन बसलं होतं.

तेच तेल बारीक जाळीतून गाळून परत टाकीत ओतलं आणि पुन्हा डिपस्टिक घातली. या वेळी तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. सगळं काढून मापलं तेव्हा सुमारे २.७ लिटर भरलं, म्हणजे गरजेपेक्षा जवळपास अर्धा लिटर जास्त. ज्या गाडीत ‘तेल राहत नाही’ अशी तक्रार होती, तिच्यात खरं तर तेल मावत नव्हतं.

आता घडत काय होतं ते जुळवता येतं. गाडी उभी असताना टाकीतलं तेल झिजलेल्या फीड पंपातून (टाकीतून इंजिनला तेल पाठवणारा तो फीड पंप) हळूहळू क्रँककेसमध्ये झिरपतं. रविवारी सकाळी टाकी रिकामी दिसते, म्हणून वर ऑइल पडतं. किक मारली की रिटर्न पंप खालचं सातशे मिली उचलून आधीच भरलेल्या टाकीत टाकतो, पण त्याला ते आवरायला काही मिनिटं लागतात. तोवर क्रँकची चाकं त्या डबक्यात फिरून तेलाचे फवारे उडवतात. जास्तीचं तेल मग सापडेल त्या सांध्यातून वाट काढतं. एका रविवारी जेवढं गळायचं तेवढंच पुढच्या रविवारी वरून पडायचं, म्हणून हिशेब कायम जुळलेला दिसायचा.

झिरपा उभ्या गाडीतला की चालत्या, हेही वेगळं काढावं लागतं. योग्य पातळीवर तेल ठेवून इंजिन पंधरा मिनिटं चालवलं, बंद केल्याबरोबर संपचा बोल्ट पुन्हा उघडला. निघालं जेमतेम १०० मिली. म्हणजे रिटर्न पंप ठीक आहे. तो कमजोर असता तर चालू इंजिनातही संप भरलेला सापडला असता, निळा धूर निघाला असता आणि प्लग तेलाने काळा पडला असता. इथे धूर फक्त सुरू केल्यावर पहिला मिनिटभर यायचा. त्यावरून संशय राहिला तो फीड पंपावर.

पावडरची परीक्षा

इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुतलं, मग साबणाच्या पाण्याने, मग हवेच्या दाबाने कोरडं केलं. फिन्समधला जुना चिखल निघेपर्यंत हे करावं लागतं. अर्धवट धुतलेल्या इंजिनावर जुनं तेलच गरम होऊन पाझरतं आणि खोटी साक्ष देतं. मग पातळ कापडात टाल्कम पावडर बांधून ती सांध्यांवर हलकेच थापटली. पावडर पांढरी असते आणि तेलाचा पहिला ओलावा लागला की करडी होते. ती भरपूर ओतायची नाही. जाड थर तेल शोषून घेतो आणि नेमकी जागा लपवतो.

पहिली फेरी जागेवर, आठ मिनिटं इंजिन मंद चालवून. पावडर सगळ्यात आधी करडी झाली टॅपेट कव्हरच्या खालच्या काठाला. मग व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरना तेल पोचवायला उजवीकडून वर जाणाऱ्या फीड पाइपच्या बँजो बोल्टखाली (हा बोल्ट पोकळ असतो, त्यातून तेल जातं) आणि रॉकर कव्हरच्या मागच्या सांध्याला. हेड आणि सिलिंडरच्या मधली पावडर स्वच्छ राहिली. या इंजिनात रॉकरचं तेल पुशरॉडच्या बोगद्यांतून खाली परततं आणि ते बोगदे उजव्या बाजूला आहेत. त्यामुळे हेड पॅकिंगमधून तेल यायचंच तर ते उजवीकडे बोगद्यांच्या आसपास येईल. तिथे पावडर कोरडी, म्हणजे हेड उतरवायचं कारणच नाही.

दुसरी फेरी रस्त्यावर. सलग वेगाने चालवायला दक्षिण मुंबईत दुचाकीला जागा कमी. सी लिंक बंद, ईस्टर्न फ्रीवे बंद. त्यामुळे सायनच्या पुढे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मुलुंडपर्यंत जाऊन परत. परतल्यावर मागच्या टायरवर लाल शिंतोडे दिसले. ते तेल चेनकेसच्या मागच्या खालच्या काठाकडून आलं होतं. हा प्रकार बाकीच्यांपेक्षा धोक्याचा. बुलेटच्या मागच्या चाकाचं ब्रेक ड्रम आणि चेनचं चाक डाव्या बाजूला एकत्र असतात. तिथे तेल पोचलं की टायर घसरतोच, लायनरही निकामी होतात. टायर सर्फने घासून धुतला आणि ड्रम उघडून लायनर कोरडे असल्याची खात्री केली. तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने पुसून पुन्हा बसवू नयेत. तापले की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. तसे सापडले तर बदलावेच लागतात.

लेव्हल स्क्रू उघडून चेनकेसमधलं एटीएफही पाहिलं. रंग लालच, पातळी किंचित कमी. रंग तपकिरी झाला असता आणि पातळी वाढली असती, तर क्रँकच्या डाव्या बाजूचं ऑइल सील फुटून इंजिनचं तेल तिकडे जातंय असं मानावं लागलं असतं. तसं नव्हतं.

कोरडा ब्रीदर

या सगळ्यात एक गोष्ट खटकली. ब्रीदरच्या पाइपचं तोंड अगदी कोरडं होतं. अर्धा लिटर जास्त तेल असलेल्या बुलेटचा ब्रीदर कोरडा राहूच शकत नाही, सगळ्यात आधी तोच ओकतो. आणि आधीचा पाइप तो ठिबकतो म्हणूनच बदलला होता.

लावलेला पाइप पेट्रोलचा पारदर्शक निघाला, आतून जेमतेम ६ मिमी. चेनकेसच्या मागे तो वळून चेपला होता आणि त्या वळणात पिवळट लोण्यासारखा गाळ घट्ट बसला होता. दमट हवेत थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या इंजिनात वाफ आणि तेल मिळून हा गाळ होतोच. जाड पाइपातून तो वाहून जातो, बारीक पाइपात तोच बूच होतो.

सिंगल सिलिंडरचा पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची जवळपास साडेतीनशे घनसेंटिमीटर हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. दर फेरीला. ती बाहेर सोडण्यासाठी ब्रीदर आणि ती परत आत येऊ नये म्हणून ब्रीदरवरचं बदकाच्या चोचीसारखं रबर. रबर नीट असेल तर क्रँककेसमध्ये दाब कमीच राहतो आणि सांध्यांतून तेल आतच ओढलं जातं. वाट बंद झाली की तोच दाब टॅपेट कव्हरवर, रॉकर कव्हरवर, ऑइल सीलवर येतो. मग नवं पॅकिंग टाका, सिलिकॉन लावा, तेल महिनाभरात दुसरी फट शोधतं. ब्रीदरचा थेंब बंद करणं ही या गाडीवरची सगळ्यात महागात पडलेली दुरुस्ती होती.

चोचीचं रबर काढून पाहिलं तर कडक झालेलं, कडेला चीर. नव्या रबराची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून ब्रीदरच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरा. फुगे बाहेरच फुटले पाहिजेत. पडदा आत ओढला जात असेल तर रबर एकतर्फी राहिलेलं नाही. फुगे जोरात, धुरासकट येत असतील तर रिंगा झिजून जळका वायू खाली येतो आहे, आणि ते काम वेगळं. इथे रबर बदलल्यावर फुगे हलके आणि स्वच्छ आले.

नवा पाइप तेलाला टिकणाऱ्या रबराचा, आतून १२ मिमी, कुठेही चेपणार नाही असा सैल वळणाने मागे नेला. ठिबकणारं तेल जमिनीवर नको म्हणून टोकाला लहान बाटली बांधली, पण झाकणाला मोठं भोक पाडून. झाकण घट्ट असलेली बाटली म्हणजे पुन्हा बंद ब्रीदरच.

काम कुठल्या क्रमाने

इथे क्रम महत्त्वाचा ठरला. आधी फक्त ब्रीदर आणि तेलाची पातळी, पॅकिंगला हात नाही. टाकीत दोन लिटर २०डब्ल्यू-५० घातलं, दहा मिनिटं चालवलं, पाच मिनिटं थांबून डिपस्टिकवर पाहत उरलेलं थोडं थोडं. मग इंजिन पुन्हा धुऊन पावडर.

रॉकर कव्हरच्या मागचा पाझर आपोआप थांबला. टॅपेट कव्हरचा कमी झाला, थांबला नाही. बँजोचा तसाच, कारण तिथे पंपाचा दाब असतो, क्रँककेसचा नव्हे. चेनकेस स्वतंत्र असल्याने तिच्यात काही फरक नाही. सगळी पॅकिंगं एकदम बदलली असती तर यातलं कशामुळे काय थांबलं ते कधीच कळलं नसतं, आणि रॉकर कव्हर उगाच उघडलं गेलं असतं.

टॅपेट कव्हर एकाच नटवर बसतं. तेल दिसलं की तो नट आवळला जातो, कव्हरचा मध्य आत जातो आणि कडा बाहेर उचलल्या जातात, त्यामुळे जितकं आवळाल तितकं गळतं. कव्हर खिडकीच्या जाड काचेवर उपडं ठेवून कडेखाली फट मोजायचं फीलर गेज सरकवलं, ०.१५ मिमीचं पातं दोन्ही टोकांना सहज गेलं. जुनं सिलिकॉन लाकडी पट्टीने खरवडून काढलं, लोखंडी पात्याने नाही. मग काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, वर थोडं रॉकेल टाकून कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यात घासलं, शेवटी ४०० नंबरवर. संपूर्ण कडेला सारखी करडी चमक आली की थांबायचं. अर्ध्या मिमीचं कागदी पॅकिंग तेलात भिजवून दोन्ही बाजूंना ग्रीसचा पातळ हात दिला. नटाखालचा फायबर वायसर नवा टाकला, कारण स्टडच्या आट्यांवरूनही तेल येतं आणि ते पॅकिंगचं वाटतं. नट हाताने टेकेपर्यंत, मग पान्याने पाव फेरा. त्याहून जास्त नाही.

बँजोचे तांब्याचे वायसर पुन्हा पुन्हा वापरून कडक झाले होते. नवे मिळतातच, पण जुनेही गॅसच्या आचेवर लाल करून पाण्यात टाकले की मऊ होतात. तांब्याचं हे पोलादाच्या उलटं असतं. राख पुसून बसवले. मग इंजिन मंद चालू ठेवून बँजो बोल्ट अर्धा फेरा सैल केला. तेल संथपणे ओघळलं, म्हणजे रॉकरपर्यंत पोचतंय. बोल्ट परत घट्ट.

चेनकेसमध्ये दोष रबराचा कमी आणि सिलिकॉनचा जास्त. बाहेरचं झाकण मधल्या एका नटवर दाबलं जातं आणि कडेच्या खाचेतलं रबर तेल अडवतं. खाचेत सिलिकॉन भरलं की ते वंगणासारखं वागतं आणि नट आवळताना रबर खाचेतून बाहेर सरकतं. मागच्या खालच्या कोपऱ्यात रबर तसंच निसटून चिमटलं होतं. खाच पेट्रोलने पूर्ण साफ केली, नवं रबर कोरडंच बसवलं आणि झाकणाची कड सरळ असल्याचं काचेवर पाहिलं. अल्टरनेटरच्या वायरी बाहेर येतात तिथला रबरी बूचही कडक झाला होता, तोही बदलला. मधला नट रबर सारखं दबेपर्यंतच. हे झाकण अॅल्युमिनियमचं आहे, जोर लावला की वाकतं आणि मग कुठलंच रबर पुरत नाही.

सिलिकॉनबद्दल आणखी एक. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळलेलं असतं. संपमधून गाळलेल्या तेलात लाल सिलिकॉनचे तीन-चार धागे सापडले. असा एखादा धागा तेलाच्या बारीक वाटेत अडकला तर गळती परवडली म्हणायची वेळ येते. म्हणून तेलाबरोबर फिल्टरही बदलला.

फीड पंप

गळती एव्हाना आटोक्यात होती, पण गाडी तर यापुढेही सहा दिवस उभीच राहणार. म्हणून पंप उघडला. आधी टाकी पूर्ण रिकामी केली, नाहीतर उघडल्याबरोबर ती हातावर येते. टायमिंग कव्हरवर दोन पंप असतात. कमी व्यासाच्या प्लंजरचा तो फीड, जाड प्लंजरचा रिटर्न. झाकण काढलं की आत स्प्रिंग आणि त्याखाली चकती. ही चकती डोलत डोलत भोकं उघडते-मिटते. इंजिन बंद असताना टाकीतलं तेल अडवून धरते तीही तिची सपाट बसकच. या चकतीवर दोन गोल चरे नखाला लागत होते.

व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट अगदी नखावर मावेल एवढी लावून चकती तिच्याच जागेवर हलक्या हाताने मागे-पुढे फिरवली. संपूर्ण तोंडावर सारखी करडी छटा आली की काम झालं. चरे पूर्ण जाईपर्यंत घासायची गरज नाही. खरं काम त्यानंतरचं. पेस्टचा एक कणही राहिला तर तो सरळ कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडला जातो, आणि ३५०च्या बिग एंडला फ्लोटिंग बुश असतं. ते गेलं की पूर्ण इंजिन उघडायचं. त्यामुळे भोकांना आधी ग्रीसचे बोळे, घासून झाल्यावर पेट्रोलने धुणं, बोळे काढून पुन्हा धुणं, वर हवेचा दाब. हे करायची तयारी नसेल तर पंपाला हात न लावणं बरं. थोडा झिरपा परवडतो.

जोडणी झाल्यावर टाकी भरली, प्लग काढला, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबून धरला आणि बँजोच्या तोंडाशी तेल दिसेपर्यंत किक मारत राहिलो. नाही तर कोरडं इंजिन सुरू होतं, म्हणून ही पायरी टाळायची नाही. हात थकतात, पाय जास्त. सामान सगळं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळालं. चोचीचं रबर घेताना ते बोटात दाबून पाहावं, बरीच वर्षं डब्यात पडलेलं रबर नवं असूनही कडक असतं. काढलेलं जुनं ऑइल डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे दिलं. मुंबईची पावसाळी गटारं थेट खाडीत आणि समुद्रात उघडतात, तिथे ते ओतायचं नाही.

त्यानंतर

पुन्हा सहा दिवस गाडी उभी. संपमध्ये सातशेऐवजी सुमारे २०० मिली. शून्य होणार नाही, या पंपांची रचनाच तशी आहे. मालकाला सवय बदलायला सांगितली: थंड इंजिनात डिपस्टिक बघायची नाही. रविवारी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं मंद चालू द्यायचं, रेस द्यायची नाही, तेवढ्यात रिटर्न पंप खालचं तेल उचलतो. तेल पाहायचं ते फेरी संपल्यावर, पाच मिनिटांनी, मधल्या स्टँडवर. मधल्या वारी संध्याकाळी कधी दादरपर्यंत चक्कर झाली तर उत्तम.

पुठ्ठा महिनाभर गाडीखाली होता. त्यावर काळा थेंब एकही पडला नाही. ऑइल घालावं लागलं नाही. ब्रीदरच्या बाटलीत चमचाभर पाणीदार तेल जमलं, तेवढं जमणारच. चेनकेसची पातळी स्थिर, एटीएफ लाल.

पुठ्ठ्यावर उरला तो एक राखाडी, चिकट ठिपका, रुपयाच्या नाण्याएवढा. तो गिअरबॉक्सच्या पुढच्या चेनचाकामागून येतो. तिथे पोचायला क्लच आणि आतली चेनकेस उतरवावी लागते आणि एवढ्याशा ग्रीससाठी ती मजुरी पटणारी नाही. क्लच प्लेट कधी तरी बदलाव्या लागतीलच. ते सील त्याच वेळी टाकायचं ठरलं. तोवर गिअरबॉक्समध्ये ग्रीस जास्त भरायचं नाही, कारण जास्त भरलेलं ग्रीस तापून त्याच वाटेने बाहेर येतं.